ट्राउटसाठी माशी कोणती लावू? पहिल्यांदाच नदीवर जातेय

ओलेपाय
नमस्कार मंडळी,

गेले दोन महिने मोकळ्या मैदानावर फ्लाय कास्टिंगचा सराव करतेय, टोकाला गळाऐवजी लोकरीचा लाल गोंडा बांधून. लाइन आता दहा-बारा मीटरपर्यंत बऱ्यापैकी सरळ पडते. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा खऱ्या नदीत उतरणार आहे. नदी उथळ, गोट्यांची, मध्ये मध्ये डोह असलेली. ब्राउन आणि रेनबो दोन्ही ट्राउट आहेत. रॉड नऊ फुटी, पाच नंबरच्या लाइनचा.

अडलंय ते माश्यांवर. माशी म्हणजे गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेली फ्लाय. मी इथे सरळ माशीच म्हणते. कॅटलॉग उघडला की शेकडो नावं अंगावर येतात. डबीत चाळीसेक माश्या जमल्यात, सगळ्या वेगवेगळ्या, प्रत्येकी एकच. निम्म्यांची नावंही मला सांगता येणार नाहीत.

पहिल्या दिवशी डबीत नेमकं काय असावं? गळाचा नंबर कसा ठरवायचा? रंगाला किती महत्त्व द्यायचं? आणि पाण्यात उभी राहिल्यावर त्यातली एक कशी निवडायची? नावांची यादी कुठेही मिळेल. निवडीमागचा विचार कळला तर जास्त आवडेल.

रानवारा
मीही गेल्या वर्षी इथेच अडकलो होतो. धागा वाचत राहणार. जाणकार येतीलच.

नदीकाका
ओलेपायताई, सुरुवात माशीपासून नको, माशापासून करू.

ट्राउट धारेकडे तोंड करून एका जागी उभा असतो. वेगवान आणि संथ पाण्याची जिथे शिवण पडते, ती त्याची आवडती जागा. वेगवान बाजूने खाणं वाहत येतं, संथ बाजूला उभं राहायला ताकद कमी लागते. समोरून काही आलं की घ्यायचं की सोडायचं हे त्याला क्षणात ठरवावं लागतं. हात नाहीत, त्यामुळे शंका आली तर तोंडात घेऊनच तपासायचं. म्हणून खळाळत्या पाण्यात तो ढोबळ गोष्टी बघतो: वस्तू केवढी आहे, तिची ठेवण कशी आहे, आणि ती पाण्याच्या चालीनेच वाहतेय का. रंगाचा नंबर त्यानंतर.

तो खातो ते मुख्यतः चार घराण्यांतले कीटक: मेफ्लाय, कॅडिस, स्टोनफ्लाय आणि मिज. चौघांचंही बहुतेक आयुष्य पाण्याखाली, दगडांच्या आडोशाला जातं. पंख फुटून वर यायचे दिवस अगदी थोडे. वर टिपलेली माशी आपल्याला दिसते म्हणून मनात भरते, पण त्याचं बरंचसं पोट खालीच भरतं.

माझ्या हिशोबाने सहा प्रकार पुरेत. तरंगणाऱ्या दोन, पॅराशूट अ‍ॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस. बुडणाऱ्या दोन निंफ, म्हणजे पाण्याखालच्या बिनपंखी बालकीटकांसारख्या, फेझंट टेल आणि हेअर्स इअर, डोक्याला मणी असलेल्या. एक वुली बगर, जी ओढून खेळवायची. आणि एक बारीक काळी मिज. प्रत्येकी किमान तीन-तीन घ्या. मासा एकाच माशीवर येत असताना तीच झाडात अडकून तुटली, की डबीतल्या बाकीच्या एकोणचाळीस काही कामाच्या नसतात.

ओलेपाय
काका, मनापासून आभार. 'हात नाहीत, म्हणून तोंडात घेऊन तपासतो' हे वाचून बऱ्याच गोष्टी एकदम जागेवर बसल्या. पण सहांची नावं कळली तरी त्या कशाची नक्कल आहेत ते कळत नाहीये. अ‍ॅडम्स ही नक्की कोणती माशी?

पीसपंखी
@ओलेपाय, कोणतीच नाही, आणि हेच तिचं बळ!

अ‍ॅडम्स १९२२ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये लेन हॅलडे यांनी बांधली. चार्ल्स अ‍ॅडम्स या मित्राने ती बोर्डमन नदीवर पहिल्यांदा वापरली, म्हणून त्याचं नाव लागलं. अंग करड्या केसांचं, भोवती तपकिरी आणि करड्या-पांढऱ्या पट्टेरी पिसांचं मिश्रण. एका कुठल्या कीटकासारखी ती हुबेहूब नाही, पण दहा-बारा कीटकांच्या जवळपास जाते. मिश्र रंगांमुळे पाण्यावर ती थोडी धूसर, हलती दिसते, जिवंत कीटकासारखी. पॅराशूट प्रकारात पीस आडवं गुंडाळतात आणि मध्ये पांढरा तुरा उभा असतो, तो तुम्हाला लांबून दिसतो. नवशिक्यासाठी हा तुरा फार मोलाचा. स्वतःची माशी दिसली नाही तर मासा आलेला कळणार कसा?

फेझंट टेल इंग्लंडमध्ये विल्टशरच्या एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांची. त्यांनी दोराच वापरला नाही. फेझंट या पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि बारीक तांब्याची तार, बस. तार बांधायलाही तीच, वजनालाही तीच, आणि तंतूंमधून डोकावणारी तिची लाली दिसायलाही कामाची. मी स्वतः बांधते तेव्हा कळतं, यातून काढून टाकण्यासारखं काहीच उरलेलं नाही. एल्क हेअर कॅडिस अल ट्रॉथ यांची, १९५७ची. एल्क या मोठ्या हरणाचे केस आतून पोकळ असतात, म्हणून ती खळाळातही बुचासारखी तरंगते. वुली बगर पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंग यांची, तिला माराबूच्या मऊ पिसांची शेपटी. पाण्यात ओढलीत की शेपटी आखडते, सोडलीत की फुलते. जळू, लहान मासा, मोठी अळी, काहीही समजा.

आपल्याकडे 'मक्षिकास्थाने मक्षिका' म्हणतात ते डोळे झाकून केलेल्या नकलेला. माझं मत, माशी बांधताना आणि निवडताना हेच टाळायचं. कीटकाचा पाय न् पाय उतरवलेली माशी डबीत देखणी दिसते, पण पाण्यात ताठ, मेल्यासारखी पडते. जगण्याचा भास देणारी साधी माशी तिला सहज मागे टाकते.

गळगप्पी
माशीने मासा पकडायचा, आणि मासा नाही आला तर विचारायचं, माशी कुठे शिंकली? या छंदाइतका मराठी भाषेला शोभणारा छंद नाही दुसरा!

नदीकाका
@गळगप्पी, पहिल्याच दिवशी झाडात लाइन अडकली तर 'प्रथमग्रासे मक्षिकापातः' हेही जोडा. फक्त इथे ग्रासात माशी पडावी हीच सगळ्यांची इच्छा असते.

डोहकाठ
सगळ्यांचा मान ठेवून थोडा विरोध नोंदवतो.

'सहा माश्या पुरेत, ढोबळ ठेवण पुरे' हे खळाळत्या पाण्यात खरं आहे. संथ, काचेसारख्या पाण्यात नाही. एका संध्याकाळी एका लांबलचक डोहावर उभा होतो. समोर वीस-पंचवीस मासे एकसारखे वर येत होते. मी अ‍ॅडम्स टाकत राहिलो. नंबर १४, मग १६, मग १८. दीड तास. मासे माझ्या माशीच्या शेजारी, तिच्या पुढे, तिच्या मागे टिपत होते, तिला सोडून. शेवटी गुडघ्यांवर बसून पाण्याचा पृष्ठभाग आडवा बघितला. वर एकही पंखवाला कीटक नव्हता. पृष्ठभागाच्या जरा खाली मिजचे बारीक कोश लोंबकळत होते, कवच फोडून वर यायच्या बेतात. मासे तेच घेत होते. नंबर २०चा काळा कोश लावला, आणि दुसऱ्याच फेकीला मासा. पुढच्या अर्ध्या तासात आणखी तीन.

म्हणजे आकारमान जवळपास आलं होतं. चुकली ती अवस्था. ओलेपायताई, प्रकारांपेक्षा अवस्थांचा विचार करून डबी भरा.

नदीकाका
मान्य. मी लिहिताना माझी खळाळती नदी डोळ्यांसमोर होती. संथ पाण्यात माशाला बघायला वेळ मिळतो, तिथे ढोबळपणा चालत नाही. पण ताईंची नदी उथळ गोट्यांची आहे, म्हणून पहिल्या दिवसाचं माझं उत्तर बदलत नाही. दुपारनंतर डोहावर गेलात तर डोहकाठ यांचं ऐका.

सहापायी
माझा अभ्यास कीटकांचा, मासेमारी नंतर आली, त्यामुळे या अवस्थांबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

मेफ्लाय अंड्यातून निघून पाण्याखाली निंफ म्हणून वाढते. अंग निमुळतं, शेवटाला बहुधा तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले. वर येऊन कवच सोडते आणि धुरकट पंखांची माशी होते, तिला डन म्हणतात. होडीच्या शिडासारखे पंख उभे धरून ती प्रवाहाबरोबर वाहत जाते. मग झाडाझुडपात जाऊन पुन्हा एकदा कात टाकते आणि काचेसारख्या पंखांची स्पिनर होते. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा हा एकच कीटकवर्ग. प्रौढ मेफ्लाय काही खातच नाही. मीलन, अंडी, आणि पंख पसरून पाण्यावर मरण. तीही अवस्था ट्राउट टिपतो.

कॅडिसची अळी स्वतःच्या रेशमाने वाळूचे कण, काड्या जोडून नळीसारखं घर बांधते. सगळ्याच नाही बांधत, काही मोकळ्या फिरतात. मग कोश, मग पतंगासारखी माशी. बसल्यावर पंख पाठीवर उतरत्या छपरासारखे. स्टोनफ्लायच्या निंफला दोन शेपट्या, स्वच्छ आणि भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यातच जगते. ती पाण्याच्या मध्यावर न फुटता काठाच्या दगडावर चढून कात टाकते. खडकांवर रिकामी कवचं चिकटलेली दिसली की समजा. मिज अगदी बारीक, वर्षभर, थंडीतही.

आता नदीवर करायचं काम. माशी बांधायच्या आधी उथळ पाण्यातला हातात मावेलसा एक गोटा उचलून उलटा करा. खाली चिकटलेलं काय आहे ते बघा, किती मोठं आणि कोणत्या छटेचं तेवढं लक्षात ठेवा, आणि गोटा होता तसाच परत ठेवा. बहुतेक वेळा उत्तर ओलं होऊन तुमच्या हातात असतं.

मासे वर येत असतील तर ते कसे येतात ते बघा. पाणी उडवून झेप घेत असेल तर बहुधा कॅडिस. तोंड वर काढून शांतपणे टिपत असेल आणि मागे एखादा बुडबुडा राहत असेल, तर तो पृष्ठभागावरचं खातोय, कारण तोंडात गेलेली हवा कल्ल्यांतून बाहेर पडते. नुसती पाठ आणि शेपटी दिसली, तोंड नाही दिसलं, तर डोहकाठ म्हणतात तेच चाललंय: पृष्ठभागाच्या जरा खालचं.

ओलेपाय
सहापायीताई, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. काल घराजवळच्या ओढ्यात जाऊन गोटा उलटला, आणि खरंच वाळूची बारीक नळी चिकटलेली होती! इतकी वर्षं त्या ओढ्यावरून जातेय.

आता नंबराचं सांगाल का कोणी? १४, १६, १८ म्हणजे काय, आणि टिपेटचा 'एक्स' हा काय प्रकार?

पीसपंखी
गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान. १२ मोठा, २० नखाएवढाही नाही. ट्राउटच्या माश्यांमध्ये बहुधा सम संख्याच चालतात. वेगवेगळ्या कंपन्यांचा एकाच नंबरचा गळ थोडा कमीजास्त असतो, तेव्हा आकड्यावर फार अडून राहू नका, कीटकाशेजारी धरून बघा. सुरुवातीला अ‍ॅडम्स १४ आणि १६, कॅडिस १४ आणि १६, निंफ १४, १६ आणि १८, मिज २०, बगर ८ किंवा १०. मनात शंका असेल तर एक आकार लहान घ्या.

गणितप्रेमी
लाइनच्या टोकाला जोडलेला निमुळता दोरा म्हणजे लीडर. टिपेट म्हणजे त्याच्या शेवटचा बारीक तुकडा, ज्याला माशी बांधतात. एक्सचं गणित असं: ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उरतील तितके इंचाचे हजारावे भाग ही जाडी. ५एक्स म्हणजे ६ हजारांश इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. ४एक्स ०.१८, ६एक्स ०.१३च्या आसपास.

माशीला कोणतं? गळाच्या नंबराला ३ ने भागा. १६ला ५एक्स, १२ला ४एक्स, १८ला ६एक्स. काही जण ४ने भागतात, त्यांचं टिपेट थोडं जाड येतं. जाड टिपेटला बारीक माशी बांधली तर ती ताठ राहते, वाहत नाही. बारीक टिपेटला जड माशी बांधली तर फेकताना पीळ बसतो आणि गाठीशी तुटते.

अजून एक गणित, मला फार आवडतं ते. पाण्याखालून वरचं जग माशाला एका गोल खिडकीतूनच दिसतं, तिचा कोन सुमारे ९७ अंश. खिडकीबाहेर पृष्ठभाग आरशासारखा, तळाचंच प्रतिबिंब दाखवणारा. मासा ३० सेंटिमीटर खोल असेल तर खिडकीचा व्यास जेमतेम ६८ सेंटिमीटर. जितका वर, तितकी खिडकी लहान. म्हणून अगदी पृष्ठभागाखाली उभा असलेला मासा दोन वीत बाजूने गेलेली माशीही सोडतो. त्याने नाकारली असं नाही, त्याला ती नीट दिसलेलीच नसते.

रानवारा
गणितप्रेमी, हे गेल्या वर्षी कळलं असतं तर!

आता माझा अनुभव सांगतो, कारण ओलेपायताई अगदी त्याच वाटेवर आहेत. माझ्याही डबीत खूप माश्या होत्या. पहिले चार दिवस मी दर दहा मिनिटांनी माशी बदलायचो. मासा येत नाही, बदल. पुन्हा नाही, बदल. दिवसातला निम्मा वेळ गाठी बांधण्यात. पाचव्या दिवशी एक अनुभवी काका काठावर बसून माझं बघत होते. म्हणाले, "माशी बरोबर आहे रे. ती पाण्यावर चाललीय, पाण्याबरोबर नाही." मी खाली वाकून बघितलं तर माझ्या माशीमागे बारीक व्ही आकाराची रेघ उठत होती. लाइन मधल्या वेगवान धारेवर पडलेली, ती माशीला ओढत होती. यालाच ड्रॅग म्हणतात. त्यांनी फक्त दोन गोष्टी करायला लावल्या. दोन पावलं पुढे जाऊन लाइन कमी बाहेर ठेवायची, आणि लाइन पडल्या पडल्या तिचं पोट, म्हणजे मधला झोल, प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून ठेवायचं. तीच माशी, तीच जागा. तिसऱ्या फेकीला मासा आला. आनंदाने माझे हात थरथरत होते, जाळीत घेताना त्यांनीच मदत केली.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. माशी बदलायच्या आधी जागा बदलायची, मग खोली, मग आकार, आणि सगळ्यात शेवटी प्रकार.

डोहकाठ
रानवारा, नियम छान आहे. संथ पाण्यात मी आकार आणि खोली यांची अदलाबदल करेन, एवढंच.

एकच_माशी
माझं सदस्यनाव बघून कळलंच असेल मी काय म्हणणार! मी तेनकारा करतो. जपानमधल्या डोंगरी ओढ्यांची पद्धत. रीळ नाही, लांब काठीच्या टोकाला थेट लाइन. तिथल्या माशीला केबारी म्हणतात. माझी साकासा केबारी, म्हणजे जिचं पीस उलटं, गळाच्या डोळ्याच्या (दोरा ओवायच्या छिद्राच्या) दिशेने झुकलेलं असतं. पाण्यात हलकी ओढ दिली की ते पीस उघडमीट करतं. ती कोणत्याच कीटकाची नक्कल नाही. गेली तीन वर्षं एकच प्रकार, दोन आकार. माशी ठरलेली असली की सगळं लक्ष पाण्याकडे जातं, आणि शिकणं तिथेच होतं. ताईंना मी म्हणेन की एक पूर्ण दिवस एकाच माशीवर काढून बघा.

डोहकाठ
@एकच_माशी, तुमच्या ओढ्यात पाणी पायऱ्यापायऱ्यांनी उतरतं, माशाला विचार करायला अर्धा सेकंद मिळतो. तिथे एक माशी पुरते. माझ्या डोहावर तुम्ही ती केबारी घेऊन आलात तर मी आनंदाने शेजारी उभा राहीन आणि दोघंही शिकू.

एकच_माशी
ठरलं! पण पहिली फेक माझी.

तळ्याकाठी
विषयांतर होतंय, पण तळ्यावर फ्लाय फिशिंग करणारेही हा धागा वाचत असतील. तळ्यात पाणी वाहत नाही, मासाच फिरतो. तिथे ड्रॅगची काळजी कमी, खोलीची जास्त. माझी पहिली निवड काळी किंवा ऑलिव्ह वुली बगर, नंबर १०. फेकायची, मनात आकडे मोजत बुडू द्यायची, मग हळूहळू ओढायची. दहा मोजून काही नाही, तर पुढच्या वेळी पंधरा, मग वीस. ज्या आकड्यावर मासा आला तो लक्षात ठेवायचा.

ओलेपाय
तळ्याकाठी, विषयांतर अजिबात नाही, मोजायची ही युक्ती आवडली. नदीतल्या खोलीबद्दलही विचारायचं होतं. निंफ किती खोल जायला हवी? आणि मण्यात टंगस्टन आणि पितळ असा फरक का करतात?

नदीकाका
तळाजवळ, हे सोपं उत्तर. वाहून जाणारे निंफ बहुधा तळालगत असतात आणि थंड पाण्यात मासाही वर यायचे कष्ट घेत नाही. टंगस्टन पितळेच्या दुपटीहून जड, तेवढ्याच आकाराच्या मण्याने माशी लवकर खाली जाते. उथळ, संथ जागी पितळ पुरे, वेगवान किंवा खोल धारेत टंगस्टन. माशी अधूनमधून तळाला खरडली तर खोली बरोबर. कधीच खरडत नसेल तर वर आहात, दर फेकीला अडकत असेल तर फार खाली.

तुमच्यासाठी सगळ्यात सोयीची जोडी सांगतो. वर एल्क हेअर कॅडिस, तिच्या गळाच्या वळणाला साधारण ५० सेंटिमीटर टिपेट, आणि त्याच्या टोकाला फेझंट टेल. कॅडिस तरंगते, दिसते, आणि खालच्या निंफला मासा लागला की झटकन बुडते. ती थांबली, बुडली, आडवी सरकली, काहीही झालं तरी रॉड अलगद वर उचला. एकाच वेळी दोन प्रश्न विचारता येतात, वर खातोस की खाली. खालची निंफ फार जड नको, नाहीतर कॅडिसलाच बुडवेल. आणि दोन माश्या लावायला परवानगी आहे का ते त्या पाण्याच्या नियमांत आधी बघा. काही ठिकाणी एकच चालते.

पीसपंखी
तरंगणाऱ्या माशीला पाण्यात टाकायच्या आधी फ्लोटंट, म्हणजे ती तरंगत ठेवणारा लेप, लावा, अगदी थोडं, बोटांवर चोळून. मात्र माशी सीडीसी पिसांची, म्हणजे बदकाच्या तेलग्रंथीजवळच्या पिसांची असेल, तर जेल फ्लोटंट कधीच नको. बारीक तंतू चिकटून बसतात आणि माशी बुडते. तिला कोरडी पूड.

वाकडा_गळ
माश्यांची चर्चा रंगलीय, त्यात एक कळकळीची विनंती. डबी भरलीत की प्रत्येक गळाचा बार्ब, म्हणजे टोकाजवळचा तो उलटा काटा, चिमट्याने दाबून सपाट करा. मासा सोडताना गळ सहज निघतो, माशाला इजा कमी होते. आणि तुम्हालाही. माझ्या कानाच्या पाळीत वाऱ्याने वळलेली नंबर १२ रुतली होती. बार्ब दाबलेला होता, म्हणून दोन सेकंदांत निघाली. तीच डोळ्यावर आली असती तर? टोपी आणि चष्मा घातल्याशिवाय रॉड हलवू नका. पोलराइज्ड चष्मा असेल तर पाण्यावरची चमक जाऊन मासाही दिसतो.

दुसरं, लहान थर्मामीटर जवळ ठेवा. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ट्राउटला सोडून द्या. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो: १० अंशाला लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या वर, २० अंशाला ९च्या आसपास. त्यात झुंजून दमलेला मासा पोहत गेलेला दिसतो आणि नंतर मरतो. उन्हाळ्यात पहाटे जा, दुपारी काठावर बसून कीटक बघा. पकडलेला मासा ओल्या हातांनी, शक्य तर पाण्यातच धरून सोडा.

सहापायी
वाकडा_गळ, शब्द न् शब्द पटला. उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर, त्या दिवसांत काठाच्या गवतातून पडणाऱ्या मुंग्या, भुंगेरे, नाकतोडेही ट्राउट आवडीने खातो. काठालगत मासा असेल आणि काहीच घेत नसेल तर नंबर १६ची काळी मुंगी लावून बघा.

रानवारा
ताई, झाली का फेरी? तीन आठवडे उलटले.

ओलेपाय
झाली! कालच परत आले, पाय अजून गार आहेत.

चाळीस माश्यांची डबी घरीच ठेवली. लहान डबीत काकांच्या सहा, प्रत्येकी तीन, सगळ्यांचे बार्ब दाबलेले. पोचल्यावर आधी पाण्याचं तापमान बघितलं, ११ अंश. मग गोटा उलटला. तांबूस तपकिरी, निमुळते, तीन शेपट्यांचे निंफ, नंबर १६च्या फेझंट टेलशेजारी धरले तर जवळपास तेवढेच. तिथेच पाण्यात उभी राहून मोठ्याने हसले.

कॅडिस आणि फेझंट टेलची जोडी लावली. पहिला तास काही नाही. हात डबीकडे गेलाच होता, पण रानवारांचं आठवलं, जागा बदलली. एका मोठ्या खडकाच्या खालच्या बाजूला वेगवान-संथ पाण्याची शिवण दिसत होती. तिथे पाच फेका. सहाव्या फेकीला कॅडिस अशी थांबली जणू कोणी बोट ठेवलं. रॉड उचलला, आणि पलीकडे जिवंत काहीतरी होतं. ब्राउन ट्राउट, माझ्या वीतभरापेक्षा थोडा मोठा, बाजूंवर लाल ठिपके आणि त्यांभोवती फिकट निळसर कडी. बार्ब नव्हता, गळ नुसत्या बोटाने निघाला. तो माझ्या तळहातावर क्षणभर तसाच थांबला आणि मग गेला. दिवसभरात एवढा एकच मासा. तीन फेझंट टेल गेल्या, दोन तळात आणि एक झाडात.

संध्याकाळी डोहावर गेले. डोहकाठ, तुम्ही वर्णन केलंत तेच. मासे वर येत होते, पाठ आणि शेपटी दिसायची, तोंड नाही, बुडबुडा नाही. नंबर २०ची मिज बांधायला गेले तर अंधारात दोरा गळाच्या डोळ्यातून ओवताच येईना. तशीच काठावर बसून बघत राहिले. पाण्यावर बारीक पंख पसरून काहीतरी वाहत होतं, काचेसारखे पारदर्शक पंख, अंग गंजाच्या रंगाचं. सहापायीताई, ही स्पिनर होती का? आणि तोंड दिसत नव्हतं, तर मासे तिलाच घेत होते की दुसरं काही?

सहापायी
काय सुंदर दिवस! हो, पारदर्शक पंख आडवे पसरलेले आणि गंजाच्या रंगाचं अंग, ती स्पिनरच. पण नुसती पाठ दिसत होती म्हणजे ते मासे बहुधा खालचं काहीतरी घेत होते. पाण्यावर जास्त दिसणारा कीटक आणि मासा खात असलेला कीटक एकच असेल असं नाही. पुढच्या वेळी चहाच्या गाळणीएवढी बारीक जाळी न्या आणि पृष्ठभागालगत धारेत मिनिटभर धरा.

डोहकाठ
आणि मिज दिवसाउजेडीच टिपेटवर बांधून, टोपीला गुंडाळून ठेवा. अंधारात नुसती एक गाठ मारायची उरते. पुन्हा कधी जाताय?

ओलेपाय
येत्या शनिवारी. जाळी आजच शिवायला घेतली आहे.